मॉझर ७१/८४ : नऊ महिने वापरल्यानंतर

ही जुनी रायफल नोव्हेंबरमध्ये घेतली होती, आता ऑगस्ट संपत आला. घेतल्या घेतल्या लिहिणार होतो पण बरं झालं थांबलो, कारण तेव्हा जे लिहिलं असतं त्यातलं निम्मं चुकीचं निघालं असतं.

आधी वस्तू काय ते सांगतो. जर्मन साम्राज्याच्या पायदळाची रायफल, मॉझर मॉडेल ७१/८४, ११ मिलिमीटर कॅलिबर, काळ्या दारूची (म्हणजे भरपूर धूर करणारी जुनी बंदुकीची दारू). मूळची ७१ सिंगल शॉट होती, एक गोळी टाका, झाडा, बोल्ट (गोळीमागचा सरकता दांडा) ओढा, आणि काडतुसाची रिकामी केस, म्हणजे पितळी कवच, बाहेर फेकायला त्यात इजेक्टरच नाही त्यामुळे बंदूक तिरकी करून ती पाडायची. मग पॉल मॉझरने बॅरलच्या खाली नळीसारखं मॅगझिन बसवलं, त्यात ८ काडतुसं, इजेक्टरही दिला, आणि १८८४ मध्ये ती सैन्याने स्वीकारली. माझ्या रायफलीवर मुकुट, खाली स्पांडाऊ (बर्लिनजवळचा सरकारी शस्त्रकारखाना) आणि साल १८८८. हे साल बघून मला आधी काही वाटलं नव्हतं, नंतर वाचलं तेव्हा कळलं की फ्रेंचांनी १८८६ मध्ये बिनधुराच्या दारूची लेबेल रायफल काढली आणि काळ्या दारूच्या सगळ्या रायफली एका फटक्यात जुन्या झाल्या, जर्मनांनी घाईघाईने १८८८ मध्येच गेव्हेअर ८८ ही नवी रायफल आणली, म्हणजे माझी रायफल ज्या वर्षी कारखान्यातून बाहेर पडली त्याच वर्षी तिची जागा घेणारी मंजूर झाली होती.

मी ओहायोत राहतो. इथे फेडरल कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक अँटिक धरतात, त्यामुळे आधुनिक बंदुकीला डीलरकडे जे फॉर्म भरावे लागतात ते हिला लागले नाहीत. पण राज्याराज्यात नियम वेगळे आहेत, आपल्या राज्याचं बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. भारतात असाल तर यातलं काहीच लागू होत नाही, तिथल्या आर्म्स अ‍ॅक्टचं सगळं वेगळं.

गन शोमध्ये ७५० डॉलरला मिळाली. विकणारा म्हणाला ऑल मॅचिंग, म्हणजे सगळ्या पार्टवर एकच नंबर. मी टॉर्च मारून रिसीव्हर, बॅरल, बोल्ट बघितला, शेवटचे दोन आकडे ४३, ट्रिगर गार्डवर ४३, बॅरलच्या पट्ट्यांवर ४३, अगदी स्क्रूच्या डोक्यावर बारीक ४३. खूश झालो, पैसे दिले. घरी आल्यावर बोल्ट खोलला तर पुढचं बोल्ट हेड, जे या मॉडेलमध्ये वेगळं निघतं, त्यावर ७९. चूक माझी, टेबलावरच बोल्ट बाहेर काढून दाखवा म्हणायला हवं होतं, प्रामाणिक विक्रेता नाही म्हणत नाही. एका बोल्ट हेडमुळे कलेक्टरच्या हिशेबात किंमत बरीच खाली येते, आणि झाडायची असेल तर तो सेफ्टीचाही प्रश्न आहे, कारण हेड बदललं की हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतुसाचं बूड यांच्यातली मोकळीक, बदलू शकतो. मी तो मोजून घेतल्याशिवाय एकही गोळी टाकली नाही, तुम्हीही टाकू नका.

आता या नऊ महिन्यांत मी जे शिकलो त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. माझे बाबा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झाले, आयुष्य इन्स्पेक्शनमध्ये गेलं. व्हिडिओ कॉलवर त्यांना रायफल दाखवली. मला वाटलं विचारतील कशाला घेतलीस, किती पैसे घातलेस. ते एकदम म्हणाले, "कॅमेरा जवळ ने, त्या स्क्रूवर मुकुट आणि अक्षर आहे बघ." मी नेला. बोटाच्या पेराएवढी जागा, त्यात बारीक मुकुट, खाली गॉथिक वळणाचं अक्षर. "दुसरा पार्ट दाखव. तिसरा." असं करत आम्ही पाऊण तास बसलो, आणि जवळजवळ प्रत्येक पार्टवर असा शिक्का निघाला, वेगवेगळ्या अक्षरांचा. बाबा म्हणाले, "हे चेकरचे शिक्के. पार्ट गेजमधून (माप तपासायच्या साच्यातून) गेला, चेकरने शिक्का मारला, तेव्हाच पुढे गेला. आमच्याकडेही हेच." मी या शिक्क्यांबद्दल वाचलं होतं, पण वाचताना ती फक्त खुणांची यादी वाटली होती. बाबांनी बघितलं तेव्हा समोर माणसं दिसली, ओळीने बाकावर बसलेली, हातात गेज.

म्हणून पुढचं जे झालं त्याचा मला अजून राग येतो. हेडस्पेस मोजायला मी रायफल इथल्या एका दुकानात दिली. काम फक्त मोजायचं, तसं लिहून दिलं होतं. परत घ्यायला गेलो तर काउंटरवरचा माणूस कौतुकाने बोल्ट पुढे करतो, चकाचक, आरशासारखा. न विचारता बफिंग व्हीलवर धरला होता. बोल्टच्या दांड्यावरचे दोन शिक्के गेले, एक अर्धा राहिलाय, मुकुटाची फक्त वरची टोकं दिसतात. १३० वर्षांत स्टीलवर जो करडा-तपकिरी रंग चढला होता तो दहा मिनिटांत साफ. वर म्हणे चार्ज लावला नाही. मी बाबांना फोटो पाठवला तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग एवढंच म्हणाले की आमच्याकडे शिक्का घासलेला पार्ट रिजेक्ट व्हायचा.

त्यामुळे कुठल्याही दुकानात द्याल तर बोल्टला दोऱ्याने चिठ्ठी बांधा, पॉलिश करू नका, ब्लूइंग (स्टीलला रसायनाने काळा-निळा रंग देणं) करू नका, काही करू नका. आणि स्वतःही करू नका. लाल गंज असेल तर पातळ तेल लावून रात्रभर ठेवा आणि सुती फडक्याने पुसा, त्यापुढे जायची गरज सहसा पडत नाही. लाकडाला वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचे चार थेंब तळहातावर घेऊन चोळायचे, बस्स. सँडपेपर तर लाकडाजवळ आणूच नका. विकत घेताना हे ओळखायची एक सोपी खूण आहे, जिथे लाकूड लोखंडाला भिडतं तिथे बोट फिरवायचं. मूळचं लाकूड धातूपेक्षा केसभर वर असतं. बोट लाकडावरून धातूवर चढताना अडकलं तर कुणीतरी घासलंय समजा, मग त्यावरचे शिक्केही पुसट असणार आणि कडा गोलसर झालेल्या असणार. हे मी आता पहिल्यांदा बघतो, नंबर नंतर.

बटप्लेटच्या (दस्त्याच्या मागच्या लोखंडी पट्टीच्या) वरच्या टोकावर युनिटची खूण आहे, ८२. आर. ७. ६४. म्हणजे ८२ वी इन्फंट्री रेजिमेंट, सातवी कंपनी, ६४ नंबरचं हत्यार. ही रेजिमेंट गॉटिंगेनला असायची, गणितज्ञ गाऊस जिथे राहायचा तेच गाव. ६४ नंबर ज्याच्या हातात होता तो कोण ते कधीच कळणार नाही, पण बटच्या डाव्या बाजूला जिथे गाल टेकतो तिथे लाकूड थोडं काळपट आणि गुळगुळीत झालंय.

झाडण्याबद्दल. नऊ महिन्यांत सुमारे १४० गोळ्या झाडल्या, सगळ्या काळ्या दारूच्या, आणि हे ठळक समजा की या रायफलीत बिनधुराची दारू घालायचीच नाही, रायफल तिच्या प्रेशरसाठी बनलेलीच नाही. मूळ काडतुसात साधारण ५ ग्रॅम दारू आणि २५ ग्रॅमची शिशाची गोळी असायची. तयार काडतुसं क्वचित मिळतात आणि महाग पडतात, म्हणून केसेस घेऊन घरीच भरावी लागतात, त्यासाठी अनुभवी माणूस शेजारी हवा. आमच्या रेंजवरचे एक सत्तरीचे आजोबा मला शिकवतात, त्यांनी आधी बॅरलमधून मऊ शिशाचा गोळा ठोकून बाहेर काढला आणि कॅलिपरने मोजला, ११.३ मिलिमीटरच्या आसपास आला, त्या मापाचीच गोळी ओतायची. आणखी एक, नळीच्या मॅगझिनमध्ये एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकतं, म्हणून टोक चपटंच हवं, टोकदार अजिबात नाही.

धक्का बसतो पण तो खांद्याला ढकलल्यासारखा, टोचत नाही. रायफल साडेचार किलोच्या वर आहे, त्याचाही फायदा. धूर एवढा की वारा नसेल तर टार्गेट दिसायला चार-पाच सेकंद लागतात. आणि वास! पहिली गोळी झाडली आणि मी थेट आमच्या वाड्याच्या अंगणात, नरकचतुर्दशीच्या पहाटे, सुतळी बॉम्ब फुटल्यानंतरचा तोच गंधकाचा वास. १०० यार्डांवर सगळ्यात खालच्या साईटवरही गोळी वीतभर वर लागते, म्हणून खाली धरायची सवय करावी लागली, पण ग्रुप चांगला येतो, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ लागतात. दहा गोळ्यांनंतर बॅरलमध्ये काळा थर बसतो आणि बोल्ट जड होतो. घरी आल्यावर गरम पाणी आणि साबण, त्याच दिवशी, मग कोरडं करून तेल. एकदा मी उशीर झाला म्हणून दुसऱ्या दिवशीवर ढकललं तर सकाळी बॅरलमध्ये नारिंगी छटा होती, पोटात गोळाच आला.

मॅगझिन मात्र आवडलं नाही. एकेक काडतूस वरून ढकलत भरायचं, बोटं दुखतात, आणि नळी रिकामी होत जाते तसा पुढचा तोल बदलतो. डाव्या बाजूच्या खटक्याने मॅगझिन बंद करून मी एकेक गोळीच टाकतो, म्हणजे शेवटी ७१ सारखीच वापरतो.

आपल्याशी संबंध काय असं एका मित्राने विचारलं होतं. ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून एक फौज जर्मन पूर्व आफ्रिकेला निघाली, त्यात जुन्या बॉम्बे आर्मीतली १०१ ग्रेनेडियर्स होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला टांगा बंदरात जी लढाई झाली त्यात समोरच्या बऱ्याच अस्करींच्या (जर्मनांच्या आफ्रिकन शिपायांच्या) हातात याच ७१ च्या घराण्यातल्या काळ्या दारूच्या रायफली होत्या, गोळी झाडली की धुराचा ढग. आपली फौज तिथे हरून परतली. रेंजवर तो धूर समोर आला की मला हे आठवतं, आणि तेव्हा तो दुसऱ्या बाजूने कसा दिसला असेल याचा विचार येतो.

दुसरी घेणार का? गेव्हेअर ८८ बघतोय, पण तिथे बॅरलच्या मापाचा गोंधळ आहे, जुनी गोळी ८.१ मिलिमीटरची, नंतरची ८.२ ची, रिसीव्हरवर (बॅरलच्या मागच्या, बोल्ट बसतो त्या भागावर) नव्या गोळीचा एस शिक्का आहे का आणि बॅरल खरंच किती मापाची आहे हे मोजल्याशिवाय झाडायची नाही. तुर्कस्तानातून फिरून आलेल्या पुष्कळ आहेत, नंबर बहुतेक मिसळलेले. घाई नाही.

सध्या शोध बोल्ट हेडचा चालू आहे. प्रत्येक गन शोमध्ये सुट्या पार्टचे ट्रे उलथेपालथे करतो, आतापर्यंत १८ आणि ६६ सापडले. बाबा दर रविवारी विचारतात मिळालं का. ७१/८४ चं, ४३ नंबरचं, न घासलेलं कुणाला दिसलं तर जरूर सांगा, आणि बदल्यात ७९ नंबरवाल्यालाही त्याचं परत द्यायला मी तयार आहे.