छोट्या सापसुरळ्या ओळखताना: फोटो बरा की नमुना?

पुण्यात वेताळ टेकडीवर किंवा कात्रजकडे पालापाचोळा उकरला की निघणाऱ्या लहान, आखूड पायांच्या सापसुरळ्यांचं नाव लावायचं, तर फोटो काढत हिंडावं की संग्रहातले, स्पिरिटच्या बाटलीत जपलेले नमुने बघत बसावं? मी दोन्ही केलंय.

रंगाच्या बाबतीत फोटोला तोड नाही. रायोपा (या सापसुरळ्यांचं कुळनाव) पंक्टॅटा या जातीच्या पिल्लाची लालभडक शेपटी स्पिरिटमध्ये फिकी पडते. बाटलीत उरतं ते तपकिरी जनावर. शिवाय फोटोत जनावर जिवंत राहतं, ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे.

पण रंगावर जात ठरत नाही. ठरते ती खवल्यांवर, आणि या सापसुरळ्यांचे खवले काचेसारखे गुळगुळीत असतात. फ्लॅश मारला की पाठीवर पांढरा पट्टा उमटतो आणि नेमक्या तिथेच खवल्यांच्या कडा गायब होतात. धडाच्या मध्यावर, पोटाकडून फिरून, खवल्यांच्या किती ओळी आहेत ते मोजायचं असतं. दोन ओळींच्या फरकाने नाव बदलू शकतं. फोटोत अर्धा घेर दिसतो, त्यातलाही मधला भाग चकाकीने खाल्लेला. या एका गोष्टीने मला फोटोंवर नाव लिहिणं नकोसं केलं. सावलीत, फ्लॅशशिवाय थोडं बरं येतं, पण तेवढ्यात ती मातीत शिरलेली असते.

खालची पापणीही तशीच. पंक्टॅटाच्या पापणीला पारदर्शक खिडकी असते, डोळा मिटूनही तिला दिसतं. तिच्याच कुळातल्या रायोपा अल्बोपंक्टॅटाची पापणी खवल्यांची. मोबाइलच्या फोटोत दोन्ही म्हणजे काळा ठिपका.

नमुना मात्र स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली उलटवता येतो. वरचं स्पिरिट जरा सुकू दिलं की खवल्यांच्या कडा स्वच्छ उठतात, सुईचं टोक टेकवत एकेक ओळ मोजता येते, शंका आली तर परत मोजता येते. फॉर्मॅलिनने आखडलेली बोटं त्रास देतात, ते मान्य.

नवीन नमुने गोळा करा असं मी अजिबात म्हणत नाही; त्याला वनखात्याची परवानगी लागते आणि लागायलाच हवी. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. तिथे रीतसर अर्ज करून जुने नमुने बघायला मिळाले, तर माझ्या मते आधी ते बघावेत. फोटोच काढणार असाल तर डोक्याचा वरून, डोक्याचा बाजूने, पोटाचा आणि तळपायाचा असे चार तरी घ्या, आणि पापणी दिसली नाही तर नुसतं ‘रायोपा’ लिहून थांबा.