दोन सरळ रेघांचे चौदा हजार

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, ऑसिलोस्कोप (विजेचा सिग्नल पडद्यावर रेघेने दाखवणारं यंत्र) आणला त्याला आता आठ महिने झाले. राग बराच निवळलाय, म्हणून लिहायला बसलो. जुना स्कोप घ्यायच्या बेतात कुणी असेल तर माझे चौदा हजार निदान त्याच्या तरी कामी येऊ देत.

मी नाशिकला घरीच जुने अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. धंदा नाही, हौस. थोडी भर घातली की नवा डिजिटल स्कोप येतो, हे मुलाने तीनदा सांगून झालं होतं. पण पॉलिटेक्निकमध्ये असताना लॅबच्या कपाटात एक टेक्ट्रॉनिक्स 465 असायचा आणि ते कपाट आमच्यासाठी कधी उघडलं नाही. 1972 सालचं मॉडेल, 100 मेगाहर्ट्झ, दोन चॅनल, म्हणजे दोन सिग्नल एकदम बघता येतात. अशी गोष्ट डोक्यात बसली की माणूस हिशेब करत नाही. फसवणारा नेमकं हेच हेरतो.

दुकान पहिल्या मजल्यावर. मी शिरलो तेव्हा तसलाच 465 स्कोप चालूच होता. तेव्हा वाटलं, वा, आपल्यासाठी लावून ठेवलाय. आता कळतं की थंड यंत्र पहिल्यांदा चालू होताना काय करतं, ते मी पाहिलंच नाही. दुकानदाराने चॅनल एकचा प्रोब (सिग्नल आत नेणारी टोकदार वायर) स्कोपच्याच कॅलिब्रेटरला लावला. त्यातून 1 किलोहर्ट्झचा, 300 मिलिव्होल्टचा चौकोनी सिग्नल निघतो. पडद्यावर लख्ख चौकोन उमटले. मग त्याने बटण दाबून दोन्ही चॅनल एकदम दाखवले. एकाखाली एक, दोन सरळ, स्थिर रेघा.

"दोन्ही चॅनल ओके, सर. एका मोठ्या कंपनीच्या लॅबचा माल आहे. हे बघा, कॅलिब्रेशनचा स्टिकर."

माप तपासल्याचा स्टिकर होता खरा, महिना आणि वर्ष छापलेला. सर्टिफिकेटचा नंबर नव्हता, आणि सर्टिफिकेट तर मी मागितलंही नाही. चॅनल दोनला प्रोब लावून बघू का, एवढंही विचारलं नाही. दोन हजार आदल्या दिवशी यूपीआयने पाठवले होते, उरलेले बारा रोख दिले. "बिल पाहिजे तर जीएसटी लागेल, सर," म्हणाला. मी चिठ्ठीवर भागवलं. चिठ्ठीवर फक्त "स्कोप १ नग" आणि रक्कम.

दहा किलोचं धूड चादरीत गुंडाळून पंचवटी एक्सप्रेसने मांडीवर घेऊन आलो. समोरच्या बाईंनी विचारलं, "देव आहे का?" मी हसलो. तो शेवटचा आनंद.

सकाळी प्लग लावायला गेलो तर त्याची जाडी पिन, अर्थिंगची, मुळापासून कापलेली. दुकानात प्लग टेबलामागच्या बोर्डात होता, दिसलाच नव्हता. नवा थ्री-पिन प्लग जोडला, बटण दाबलं आणि घरभरचा ईएलसीबी (करंट अर्थला गळला की वीज तोडणारा स्विच) पडला. वर केला, पुन्हा पडला. अर्थची वायर सोडली की मात्र स्कोप मजेत चालू! पिन का कापली याचं उत्तर मिळालं. स्कोपच्या मागच्या बाजूला, वीज आत येते तिथे, कुणीतरी नंतर बसवलेला लाइन फिल्टर होता आणि त्याचा फेजपासून अर्थला जाणारा कपॅसिटर गळत होता. पिन कापली की ईएलसीबी पडत नाही, पण तो करंट स्कोपच्या पत्र्यावर येऊन बसतो. प्रोबच्या ग्राउंडची मगरचिमटीही त्याच पत्र्याला जोडलेली असते. म्हणजे मी ती चिमटी ज्या अ‍ॅम्प्लिफायरला लावणार, त्यावरही तोच करंट. पत्र्याला टेस्टर लावला तर टेस्टरचा दिवा पेटला. नुसते पैसे बुडवणं एक वेळ समजू शकतो, पण हे?

फ्यूज काढला तर काचेच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळलेली.

शेजारी ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले काका राहतात, त्यांना बोलावलं. आधी नवा फिल्टर आणि योग्य फ्यूज घातला, अर्थ जोडला, मग बाकीचं. काकांनी चॅनल दोनला कॅलिब्रेटर लावला. व्होल्टचा नॉब पाच मिलिव्होल्टवर असताना सिग्नल दिसला. नॉब पुढे फिरवला की कधी गायब, कधी भलत्याच उंचीचा. आतल्या अ‍ॅटेन्युएटरचे, म्हणजे सिग्नल लहान करणाऱ्या भागाचे, सोन्याचा मुलामा दिलेले संपर्क कुणीतरी स्प्रे मारून चिकट करून ठेवले होते. सरळ रेघेला यातलं काही लागत नाही. सिग्नलच नसेल तर बिघडलेला चॅनलही रेघ सरळच काढतो. दुकानदाराने मला काही खोटं दाखवलं नव्हतं, हे त्या दिवशी उमगलं. त्याने फक्त खरं तेवढंच निवडून दाखवलं.

मग काकांनी टाइमबेस, म्हणजे रेघ किती वेगाने आडवी पळते ते ठरवणारा नॉब, फिरवायला सुरुवात केली. मिलिसेकंदाला रेघ लख्ख. मायक्रोसेकंदाला मिणमिणती. 0.05 मायक्रोसेकंदाला खोलीतला दिवा बंद करूनही काही दिसेना. "ट्यूब संपली आहे रे," काका म्हणाले. म्हणजे पडद्याची पिक्चर ट्यूब. इलेक्ट्रॉनचा झोत सावकाश चालतो तेव्हा थकलेली ट्यूबही उजळ दिसते, कारण प्रत्येक ठिपक्यावर झोत रेंगाळतो. वेगाने पळायला लागला की ट्यूबचं खरं वय कळतं. दुकानातले चौकोन मिलिसेकंदाच्या हिशेबातले होते आणि ब्राइटनेसचा नॉब जवळजवळ टोकाला होता. पडद्यावरचा निळा फिल्टर मूळचाच असतो, त्यामुळे त्याचा संशय आला नव्हता. नखाने सरकवून काढला तर मधोमध आडवी तपकिरी रेघ, फॉस्फर, म्हणजे पडद्याचा चमकणारा लेप, जळालेलं.

फोन केला. "सर, तुम्ही स्वतः टेस्ट करून नेलं ना? सेकंडहँड मालाला गॅरंटी नसते." मग म्हणाला, परत आणा, पाच हजार देतो. म्हणजे तोच स्कोप आणखी कुणाला तरी चौदाला. मी नाही म्हटलं. तक्रार करायची म्हटली तर हातात दोन हजारांचा यूपीआयचा मेसेज आणि ती चिठ्ठी.

परत असा स्कोप घ्यायला गेलो तर खिशात 20 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ऑसिलेटर घेऊन जाईन. चौकोनी पत्र्याच्या डबीतला मिळतो, पाच व्होल्टवर चालतो, पॉवर बँकेवरही. टाइमबेस 0.05 मायक्रोसेकंदावर ठेवायचा, म्हणजे पडद्यावर आखलेल्या एका चौकटीत बरोबर एक लाट बसते. ती दुकानाच्या ट्यूबलाइटखाली दिसली पाहिजे, आधी एका चॅनलवर, मग दुसऱ्यावर. स्कोप बंद करायला लावायचा, खाली जाऊन चहा प्यायचा आणि आल्यावर आपल्या हाताने चालू करायचा. प्लग स्वतः उपटून बघायचा, फिल्टर काढून पडद्यावर टॉर्च मारायची. दुकानदाराला राग आला तर येऊ द्या.

सगळंच खापर त्याच्यावर फोडत नाही. तिसऱ्या महिन्यात स्कोपचा पॉवरचा दिवा लागायचा पण रेघ येईना. आतले पाच सप्लाय मोजले: 110, 55, 15, 5 आणि उणे 8 व्होल्ट. 15 च्या जागी जवळपास शून्य. एक टँटलम कपॅसिटर शॉर्ट झाला होता. या पिढीच्या स्कोपचं हे नेहमीचं दुखणं आहे, चांगल्या दुकानातून घेतला असता तरी झालं असतं. मात्र झाकण उघडणाऱ्याने ट्यूबच्या बाजूला हात घालू नये. तिथे एकूण 18 किलोव्होल्टचा खेळ आहे आणि बंद केल्यावरही चार्ज राहतो. काका तिकडे काम करताना डावा हात खिशात ठेवतात. मीही तेच शिकलो.

ऑडिओला एवढा वेग लागत नाही, त्यामुळे चॅनल एकवर माझं काम चालतं. 20 किलोहर्ट्झची साइन वेव्ह स्वच्छ दिसते. चॅनल दोनचे संपर्क साफ करायला आयसोप्रोपिल आणून ठेवलंय. पाती फार नाजूक आहेत, वाकली की संपलं. काकांचा मोतीबिंदू निघाला की दोघं मिळून बसणार आहोत.