ह्यूगो + गिटहब पेजेस: फुकटातली साइट, पण तारखेला जपा

सांगली-मिरजेतल्या पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेवाल्यांसारख्या, वर्गणी न काढता चालणाऱ्या गटाची जुनी वर्डप्रेस साइट नव्याने उभारायची तर ही जोडी चांगली: ह्यूगो मजकुराच्या फायलींतून साइटची तयार पानं बनवतं, गिटहब पेजेस ती इंटरनेटवर ठेवतं. डेटाबेस नाही, प्लगइनचे अपडेट नाहीत, होस्टिंगचा खर्च शून्य. (पायथनच्या साइटला गो भाषेतलं ह्यूगो कशाला, असं कुणी म्हणेलच; त्यांनी खुशाल पायथनमधलं तसंच साधन, पेलिकन घ्यावं.) साइट १ जीबीच्या आत ठेवावी लागते, तेव्हा व्याख्यानांचे व्हिडिओ बाहेरच ठेवा.

खरी डोकेदुखी तारखेची. पोस्टला सकाळी १० ची वेळ '+०५:३०' न जोडता दिली, तर ह्यूगो ती यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ) धरतं. मग आपल्याकडे दुपारी साडेतीनपर्यंत ती पोस्ट 'भविष्यातली' म्हणून गाळली जाते, आणि एररही येत नाही. साडेतीननंतरही बिल्ड (साइटची पानं बनवण्याचं काम) पुन्हा चालवल्याशिवाय ती दिसत नाही. कॉन्फिगमध्ये (साइटच्या सेटिंग्जच्या फाइलीत) टाइमझोन 'एशिया/कोलकाता' करून टाका.

थीम (साइटचं रूप ठरवणाऱ्या फायली) सबमॉड्यूल म्हणून, म्हणजे दुसऱ्या रिपॉझिटरीचा नुसता दुवा म्हणून घेतली, की नवा स्वयंसेवक नुसतं क्लोन करतो (साइटची प्रत उतरवतो), त्यात थीम येत नाही आणि तो कोरं पान बघत बसतो. थीमच्या फायली सरळ आपल्या रिपॉझिटरीतच (गिटहबवरच्या साइटच्या फोल्डरात) ठेवा. ह्यूगोची आवृत्तीही बिल्डच्या फाइलीत पक्की करा.

जुन्या लिंकांवरून नव्या पानाकडे नेण्यासाठी ह्यूगोत 'एलियास' आहेत, पण ते खरं ३०१ (पत्ता कायमचा बदलल्याचं सर्व्हरनेच सांगणं) नव्हे. रिकामं पान उघडून पुढे ढकलणं. चालून जातं.

मराठी मजकुरावरचं लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्य करा, नाहीतर शिरोरेषा तुटते. पानाच्या भाषेचा कोड हिंदीचा नको, मराठीचा द्या. फॉन्टमध्ये सोय असली तर 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतात.