पन्नास म्हणजे पन्नास: टिळकवाडीतलं गटिंगचं दुकान

टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटाच्या अलीकडं, एका झेरॉक्सच्या मागं हे टेनिस रॅकेटच्या गटिंगचं, म्हणजे रॅकेटला तारा ओढून बसवायचं दुकान आहे. पाटी कानडीत, पावती इंग्रजीत, बोलणं मराठीत. बेळगावात यात नवल काही नाही. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं.

मी उद्यमबागेत लेथवर असतो. टेनिस मला येत नाही, आजही सर्व्हिस कुणाची ते लेकीला विचारावं लागतं. ती सतरा वर्षांची. 18 वर्षांखालच्या स्पर्धा चालूच आहेत, पण यंदा पहिल्यांदा डब्ल्यू-15 च्या क्वालिफाइंगला, म्हणजे मुख्य स्पर्धेआधीच्या पात्रता फेऱ्यांना, नाव घातलं. डब्ल्यू-15 म्हणजे बायकांच्या व्यावसायिक टेनिसची अगदी खालची पायरी. अख्ख्या स्पर्धेचं बक्षीस 15,000 डॉलर. मेन ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेत, पोचून सिंगल्सच्या पहिल्याच फेरीत हरलं तर हातात दीडशेच्या आसपास डॉलर आणि गुण शून्य. एक मॅच जिंकली तर एक गुण. असे गुण तीन स्पर्धांत मिळवायचे, नाहीतर एकूण दहा जमवायचे, तेव्हा कुठं डब्ल्यूटीएच्या, म्हणजे महिला टेनिस संघटनेच्या, क्रमवारीच्या यादीत नाव लागतं. फेब्रुवारी 2025 मध्ये कोइम्बतूरची माया राजेश्वरन पंधराव्या वर्षी मुंबईच्या डब्ल्यूटीए 125 या बऱ्याच वरच्या स्पर्धेत सेमीफायनलला पोचली. तिचा फोटो आमच्या फ्रिजवर आहे. फोटोच्या खाली तारांचा हिशोब चिकटवलाय, तो माझा.

कारण तारा तुटतात, आणि नाही तुटल्या तरी मरतात. लाल मातीच्या कोर्टावर बारीक वाळू तारांत शिरते, एकमेकींवर घासून त्यांना खाचा पडतात. एका रॅकेटला सुमारे 12 मीटर तार लागते. 200 मीटरचं रीळ घेतलं की सोळा रॅकेटी निघतात आणि सुट्या पाकिटापेक्षा बरंच स्वस्त पडतं. पण आपलं रीळ घेऊन गेलं की बहुतेक दुकानदारांचं तोंड कडू होतं. इथं होत नाही. रिळावर लेकीचं नाव लिहून तो ते डब्यात ठेवतो (पावसाळ्यात डब्यात सिलिकाच्या पुड्याही टाकतो), फक्त मजुरी घेतो, 250 रुपये.

आता तार ताणायच्या मशीनकडं येतो, कारण मला खरं तेच सांगायचंय. आधी आम्ही दुसऱ्या एका गावात रॅकेट टाकायचो. नाव घेत नाही. तारांचा ताण 50 पाउंड ठेवा म्हणून सांगायचं, आणि कोर्टावर पहिल्या पाच मिनिटांत लेक म्हणायची, "पप्पा, बॉल बाहेर जाऊलालाय." पोरीचा हात चुकतोय असं कोचला वाटायचं, मलाही. तारच सैल पडत नसेल ना, म्हणून एकदा मी खिशात हुकाचा वजनकाटा घेऊन गेलो आणि मशीनला लावून बघू का म्हणून विचारलं. त्यानं मला दुकानाबाहेरच काढलं. वर फ्रेमवरची दोन ग्रोमेटं, म्हणजे तारेच्या भोकातल्या प्लास्टिकच्या नळ्या, फोडून दिली होती, ती घरी आल्यावर दिसली.

टिळकवाडीतल्या या माणसाला तेच विचारलं तर म्हणाला, "मोजा की ओ, मोजा." त्याचं मशीन हँडलचं आहे. हँडल फिरवत गेलं की ठरलेल्या ताणाला खटका पडतो आणि ओढणं थांबतं. विजेवरचं मशीन तार जरा सैलावली की पुन्हा ओढून घेतं, हे घेत नाही. म्हणून आकडा तोच सांगितला तरी दोन मशिनींवरच्या रॅकेटी हाताला वेगळ्या लागतात. हँडलच्या मशीनमधली स्प्रिंग दमते, ती अधूनमधून तपासावी लागते. आम्ही लेथवाले मायक्रोमीटर तपासतो तसंच. 50 पाउंड म्हणजे 22.7 किलो. माझ्या काट्यावर पहिल्या ओढीला 22.5 आलं, दुसऱ्या ओढीला 22.6. मी काटा खिशात घातला आणि चहा सांगितला.

दुसरी गोष्ट त्याची वही. प्रत्येक रॅकेटची तारीख, तार, पाउंड, कोर्ट कुठलं, पाऊस होता का. लेकीला सगळी तार पॉलिएस्टरची हवी होती, मोठे खेळाडू वापरतात म्हणून. त्यानं सरळ नाही म्हटलं. पॉलिएस्टर कडक, वाढत्या वयात कोपराला आणि मनगटाला मार बसतो. त्यानं उभ्या 16 तारा पॉलिएस्टरच्या आणि आडव्या 19 सिंथेटिक गटच्या, म्हणजे मऊ नायलॉनच्या, घातल्या, दोन पाउंड कमी करून. आमचं घराणं वडगावचं, वडील मागावर बसायचे. तो आडवी तार वर-खाली ओवताना बघून मला त्यांचीच बोटं आठवली.

ऑक्टोबर 2023 मध्ये धारवाडला पुरुषांची एम-25 ही व्यावसायिक स्पर्धा झाली, रामकुमार रामनाथन जिंकला ती. बसनं लेकीला घेऊन गेलो होतो. तिथं खेळाडू रॅकेट तळहातावर आपटून आवाज ऐकायचे. आता ही पण ऐकते. या दुकानातून आणलेल्या दोन रॅकेटींचा आवाज एक येतो, एवढं मलाही कळतं.

तक्रारी आहेत. रविवारी कुलूप, आणि क्वालिफाइंग पुष्कळदा रविवारीच चालू होतं. म्हणजे शुक्रवारी गटिंग करून घ्यायचं, आणि कोर्टावर जाईपर्यंत ताण थोडा उतरलेला. यावर त्याचं उत्तर, "दोन पाउंड चढवून देतो." हे उत्तर मला पटत नाही, किती उतरेल ते त्याला तरी कुठं ठाऊक? "संध्याकाळी देतो" म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी. ओव्हरग्रिप, म्हणजे मुठीवर गुंडाळायची पट्टी, तिथं घेऊ नका, जुना माल आहे, चिकटपणा गेलेला. आणि क्रिकेटवर बोलायला लागला की हात थांबतो, तेवढं सांभाळा.

पहिल्या क्वालिफाइंगमध्ये लेक दुसऱ्या फेरीत हरली. रॅकेट परत टाकायला गेलो तेव्हा त्यानं स्कोअर विचारला आणि वहीत, पाउंडाच्या पुढच्या रकान्यात, लिहून ठेवला. मजुरी 250 च घेतली.