वज्रेश्वरीचं 'नैसर्गिक गरम कुंड' रिसॉर्ट : खोलीला तीन स्टार, टबाला शून्य

रिसॉर्टचं नाव लिहीत नाही, वज्रेश्वरी-अकलोलीच्या रस्त्यावर अशी बरीच आहेत आणि मला कुणाशी भांडायचं नाहीये. सोलापुरातनं कुणी घरच्या म्हाताऱ्या माणसांचे गुडघे घेऊन तिकडं निघणार असेल तर पैसे कुठं घालायचे आणि कुठं नाही एवढं कळलं तरी बास.

झालं असं की आमच्या सासूबाईंनी (आम्ही आत्याच म्हणतो) यंदा गड्ड्याच्या जत्रेत (आमची सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा) चार दिवस सलग चालून चालून गुडघे धरले, आणि मग जो येईल तो सांगायला लागला गंधकाच्या पाण्यात बसवा, गंधकाच्या पाण्यात बसवा. मग काय, रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडली, पहाटे पहाटे कल्याणला उतरलो, गाडी करून भिवंडी, तिथनं वाडा रोडनं अंबाडी नाका आणि आत वळलं की वज्रेश्वरी. एका बाजूला तानसा नदी, मागं मंदाग्नीचा डोंगर, झाडी बरी, जानेवारीत हवा पण छान होती. आत्या आणि मामा (म्हणजे सासरे) दोघंही खूश.

खोली चांगली होती, खरं सांगते. चादरी स्वच्छ (आम्ही सोलापूरकर, चादर आधी उलटी करून बघतो), पोरं नम्र, जेवण मात्र गोडं वरण टाईप, मामांनी पहिल्याच घासाला पिशवीतनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. तिथपर्यंत तक्रार नाही.

रिसेप्शनच्या भिंतीवर हा एवढा मोठा बोर्ड, 'आमचा गौरवशाली इतिहास'. त्यात चिमाजी अप्पा आहेत, वसईची लढाई आहे, शेवटी फोन नंबर आहे. वाचून असं वाटतं की अप्पा वसई जिंकून इथंच चेक-इन करून गेले. इतिहास खराय हो, पण तो देवळाचा आहे. वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडनं काही केल्या पडेना तेव्हा चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला, किल्ला मिळाला तर तुझं देऊळ बांधीन, आणि मे १७३९ मध्ये किल्ला पडला, देऊळ उभं राहिलं. म्हणून ते लांबनं देवळापेक्षा किल्ल्यासारखंच दिसतं, दगडी तट, बावन्न पायऱ्या, एका पायरीवर सोनेरी कासव, चढताना लोक त्याला हळदकुंकू वाहतात. आत्या बावन्न पायऱ्या बसत बसत चढल्या, कासवापाशी थांबून म्हणाल्या, ह्याचे गुडघे बरे आहेत, वापरतच नाही.

आता मेन मुद्दा. टब.

रूमच्या भाड्यात 'प्रायव्हेट हॉट स्प्रिंग बाथ' होता, त्याचेच जास्तीचे पैसे. निळ्या टाईल्सचा चौकोनी टब, कडेला पिवळट रेघ, वर स्टीलचा नळ. पाणी गरम होतं, नाही असं नाही. आत्या पाय सोडून बसल्या आणि दोन मिनिटांत म्हणाल्या, ह्याला वास कसा नाही गं? मी म्हणलं सवयीनं जात असेल. त्या म्हणाल्या, गंधकाची आगपेटी ओढली तरी घरभर वास येतो, हा डोंगरातला गंधक असा कसा. बाई सत्तरीच्या आहेत पण नाक शाबूत आहे. मी मागच्या बाजूला चक्कर मारली तर भिंतीआड हा एवढा बंब, खाली लाकडं पेटलेली, शेजारी बोअरची मोटर. तिथला पोरगा बिचारा साधा, विचारल्यावर म्हणाला, मॅडम बोअरचंच आहे, आम्ही तापवतो. मॅनेजरला विचारलं तर तो काय म्हणावा, "ते पण जमिनीतलंच पाणी आहे ना ताई." यावर काय बोलणार बे माणसानं. बंबाच्या पाण्यानं आंघोळ करायला एवढ्या लांब कशाला, दत्त चौकातल्या आमच्या जुन्या वाड्यात बंब होताच की आणि लाकडं पण घरची. टबाचे पैसे परत मागितले, अर्धे मिळाले, ते पण अर्धा तास वाद घालून.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून आम्ही सरळ अकलोलीच्या कुंडावर गेलो आणि तिथं खरी गोष्ट सुरू झाली. रामेश्वराचं देऊळ, समोर बांधलेली कुंडं, एकातलं पाणी सोसेल असं, शेजारच्यातलं असं की मामांनी पाय घातला आणि "अगागागा" करून तसाच वर काढला. पाण्यावर वाफ, तळातनं एखादा बुडबुडा वर येतोय आणि वास, तोच, कुबट अंड्यासारखा. आत्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद की जणू हरवलेलं माणूस सापडलं. काही झरे तर नदीच्या पात्रातच आहेत, पावसाळ्यात पुराखाली जातात, त्यामुळं जायचं तर थंडीतच जा. शेजारी बसलेल्या एक मावशी सांगत होत्या की देवीनं राक्षस मारले त्यांचं हे रक्त, म्हणून गरम. मामा, रिटायर्ड भूगोलाचे मास्तर, त्यांना राहवेना.

मामांचं म्हणणं असं, डोंगराचं नाव मंदाग्नी असलं तरी आत ज्वालामुखी बिलामुखी काही जळत नाहीये. हा सगळा दख्खनचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, तो कधीच थंड झाला. पण कोकणपट्टीत त्याला लांबच्या लांब भेगा आहेत, पावसाचं पाणी त्यातनं खोल जातं, जमिनीत दर किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंशानं उष्णता वाढते, ते पाणी तापतं, खडकातले क्षार उचलतं आणि दुसऱ्या भेगेतनं वर येतं. म्हणून गरम झऱ्यांची ही रांग इथनं थेट खाली रत्नागिरी जिल्ह्यातल्या उन्हवरे, तुरळपर्यंत जाते. मी विचारलं मग सोलापुरात का नाही, आपल्या खाली पण तोच काळा दगड आहे, तर म्हणाले आपल्याकडं तशा खोल भेगा नाहीत. आणि पाणी पण नाही, हे त्यांनी हळूच जोडलं. नळाला चार-चार दिवसांनी पाणी बघणारी माणसं आम्ही, चोवीस तास फुकट गरम पाणी वाहतंय हे बघून मामांचा जीव नुसता तळमळत होता.

कुंडावर कपडे बदलायची सोय यथातथाच, बायकांना अवघडल्यासारखं होतं, पायऱ्या शेवाळलेल्या, साबणाची रिकामी पाकिटं पडलेली. हे वाईट आहे आणि तिथं कुणीतरी बघायला पाहिजे. पाण्यात सलग दहा मिनिटांच्या वर बसू नका, मामांनी हट्टानं वीस मिनिटं बसून उठताना चक्कर आणली, नशीब मी शेजारीच होते. बीपी, शुगरवाल्यांनी डॉक्टरला विचारूनच जा.

जवळच गणेशपुरी, तिथं पण भीमेश्वराच्या देवळापाशी कुंडं आहेत. नित्यानंद बाबा १९३६ मध्ये येऊन राहिले आणि १९६१ मध्ये तिथंच समाधिस्थ झाले, तिथली शांतता वेगळीच आहे, अर्धा दिवस त्याला ठेवा.

गुडघे बरे झाले का? चार दिवस हलके वाटले म्हणतात, मग पुन्हा तेच, ऑर्थोची गोळी चालूच आहे.

तर खोली घ्या, टब घेऊ नका. आणि कुंडात उतरताना चांदी काढून ठेवा. आत्यांची जोडवी दोन डुबक्यांत काळी ठिक्कर पडली. घरी आल्यावर मी रांगोळीनं घासायला घेतली तर हातातनं ओढून घेतली, अजून तशीच घालून फिरतात आणि गल्लीत जो विचारेल त्याला पाय पुढं करून दाखवतात, बघ, हे खऱ्या कुंडाचं.