नकली लेस पॉल जाणूनबुजून घेतली, महिनोन्‌महिने वाजवली, खोलून बघितली, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, मी फसलेलो नाही. लेस पॉल म्हणजे गिब्सन कंपनीची नावाजलेली इलेक्ट्रिक गिटार. एका ट्रेडमध्ये माझा जुना अँप देऊन पेडलबोर्ड घेतला, तेव्हा समोरच्याने वर एक लेस पॉल देऊ केली आणि देतानाच स्पष्ट सांगितलं की ही चिब्सन आहे, म्हणजे हेडस्टॉकवर (दांड्याच्या टोकाला खुंट्या असतात तिथे) गिब्सन लिहिलंय पण गिब्सनने बनवलेली नाही, खोलून बघायला हवी असेल तर ने नाहीतर मी पार्ट काढून घेणार. मी आणली. तेव्हापासून ती वाजवतोय, मधेमधे पूर्ण उघडतोय, आणि मित्राची खरी लेस पॉल स्टँडर्ड शेजारी ठेवून एकेक पार्ट ताडून बघितलाय. त्यामुळे हा रिव्ह्यू गिटारचा पण आहे आणि सेकंडहँड घेताना नकली कशी पकडायची याचा पण. दोन्ही वेगळं करताच येत नाही, कारण ही गिटार वाजवताना जिथे जिथे नडली ना, बरोबर तिथेच ती पकडली पण जाते.

दिसायला मात्र मानलं पाहिजे. चेरी सनबर्स्ट, वर झकास फ्लेम म्हणजे लाकडातली लाटांसारखी नक्षी, हेडस्टॉकवर शिंपल्यासारखा चमकणारा लोगो. चार पावलं लांबून भलेभले गंडतील. नेटवर लोक लोगोचे फोटो झूम करून 'बी' आणि 'ओ' ची वळणं तपासत बसतात, मला विचाराल तर ते सगळ्यात शेवटी करा. लोगो दरवर्षी सुधारतो, बनवणारे पण तेच फोटो बघत असतात. हेडस्टॉकच्या आकाराचंही तेच. त्या उघड्या पुस्तकासारख्या कडेवरून पूर्वी खूप कळायचं, आता एपिफोन या गिब्सनच्याच स्वस्त ब्रँडच्या काही महागड्या मॉडेल्सवर तो आकार मिळतो, म्हणजे आकार बरोबर आहे यावरून काही सिद्ध होत नाही. आकार साफ चुकलेला असेल तर तेवढं कळतं, बस.

पहिला त्रास नेकचा, म्हणजे दांड्याचा. हवा बदलली तशी नेक वाकली, तारा मधे उंच झाल्या, म्हणून ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारी आतली सळई) फिरवायला कव्हर काढलं. आता इथे नीट लक्ष द्या कारण सगळ्यात पटकन होणारी टेस्ट हीच आहे. खऱ्या गिब्सनच्या कव्हरला दोन स्क्रू असतात, एक वर एक खाली. माझ्याकडच्या गिटारला तीन. हे इतकं प्रसिद्ध झालंय की आता नकलीवर पण दोन स्क्रूचं कव्हर यायला लागलंय, त्यामुळे कव्हर बघून थांबायचं नाही, ते काढायचं. आत गिब्सनमध्ये पितळी षटकोनी नट असतो, रॉडच्या आट्यांवर बसलेला, तो बाहेरून पान्याने म्हणजे नट ड्रायव्हरने फिरवायचा. नकलीत बहुतेक वेळा अ‍ॅलन की घालायचं भोक. कव्हर कोणीही बदलेल, पण नेकच्या आतला रॉड बदलायला फिंगरबोर्ड उचकटावा लागतो, तेवढी मेहनत कोणी घेत नाही. एक सांभाळा, अ‍ॅलनचं भोक दिसलं म्हणून फेंडर या दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या गिटारवाल्याशी भांडायला जाऊ नका, फेंडरमध्ये बहुतेक अ‍ॅलनच असतं, एपिफोनमध्ये पण. हा नियम हेडस्टॉकवर गिब्सन लिहिलेल्या गिटारचा. आणि वापराचं म्हणाल तर माझा रॉड थोडा फिरतो, मग अडतो, नेक पूर्ण सरळ काही होत नाही.

मग हेडस्टॉक उलटा करून बघा. गिब्सनची महोगनी नेक सहसा हेडस्टॉकसकट एका लाकडातून येते, फक्त हेडस्टॉकच्या दोन बाजूंना रुंदीसाठी छोट्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. माझ्या गिटारला नटच्या (हा वेगळा नट, तारा ज्या छोट्या पट्टीवरून हेडस्टॉककडे जातात ती) मागे नेकवर तिरपा जोड आहे, स्कार्फ जॉइंट. फिनिश गडद असल्याने सहज दिसत नाही, पण उजेड तिरका पाडला की रेष येते. जोड म्हणजे वाईट असं अजिबात नाही बरं का, कितीतरी चांगल्या प्रामाणिक गिटार तशाच बनतात आणि ताकदीला तो कमी नसतो. प्रश्न एवढाच की गिब्सनच्या लेस पॉलमध्ये तो नसायला हवा. खऱ्या लेस पॉलचा हेडस्टॉक तिथेच तुटतो हेही लक्षात ठेवा, म्हणजे रेष दिसली तर ती रिपेअरची पण असू शकते, सरळ विचारून टाका. रिपेअर लपवलेली खरी गिटार हा वेगळाच सापळा आहे.

ट्यूनिंग पहिल्यापासून पळतंय, बेंड मारला म्हणजे तार खेचली की 'जी' सुराची तार हमखास खाली येते. दोष ट्यूनरपेक्षा नटचा निघाला, खाचा आखूड-रुंद कापलेल्या आणि प्लास्टिक इतकं मऊ की तार त्यात रुतते. नवीन हाडाचा नट बसवून घेतला तेव्हा जरा बरं झालं. यावरून नकली ओळखता येत नाही, स्वस्त खऱ्या गिटारमध्ये पण नट असेच येतात.

ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो भाग, मात्र सांगतो. इंटोनेशन (नेकवर कुठेही तार दाबली तरी सूर बरोबर येणं) लावायला बसलो तर ब्रिजचे खांब जाडजूड, डोक्यावर स्क्रू ड्रायव्हरची मोठी खाच, आणि बॉडीत रुंद बुश म्हणजे धातूच्या नळ्या. खऱ्या गिब्सनवर हे खांब बारीक असतात, त्यावर गोल थंबव्हील, आणि जुन्या पद्धतीच्या एबीआर-वन ब्रिजमध्ये तर ते बुशशिवाय थेट लाकडात घुसवलेले असतात. विकणाऱ्याकडून ब्रिजचा बाजूने काढलेला फोटो मागा, इतक्यावर पण बऱ्याच गिटारचा निकाल लागतो. मालकाने नंतर ब्रिज बदललेला असू शकतो, पण मग त्याला ते माहीत असतं आणि तो न विचारता सांगतो.

फ्रेट्सनी, म्हणजे फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांनी, मला सगळ्यात जास्त निराश केलं. खालच्या तीन फ्रेट्सवर साध्या तारांनी चर पडले, आणि मी काही दिवसरात्र वाजवणारा नाही. फिंगरबोर्ड तेलाने पुसला तर फडकं काळं, म्हणजे फिकं लाकूड रंगवून रोजवूड म्हणून खपवलंय. बाइंडिंगच्या (कडेला लावलेल्या प्लास्टिकच्या पट्टीच्या) कडेला प्रत्येक फ्रेटच्या टोकाशी बाइंडिंगचाच छोटा उंचवटा असतो, त्याला निब म्हणतात, जुन्या सल्ल्यांमध्ये 'निब नाही म्हणजे नकली' असं लिहिलेलं सापडेल. तो सल्ला आता अर्धाच खरा. २०१४ च्या सुमारास गिब्सनने नेहमीच्या यूएसए मॉडेल्सवर निब देणं बरंचसं थांबवलं, आणि रीफ्रेट केलेल्या म्हणजे फ्रेट्स बदललेल्या गिटारवर पण निब उडालेले असतात. उलट कोणी १९९० च्या दशकातली, मूळ फ्रेट्सची लेस पॉल स्टँडर्ड म्हणून विकतोय आणि निब नाहीत, तर मग प्रश्न विचारायचे.

आता मागचं झाकण. चार स्क्रू काढायचे, दोन मिनिटांचं काम, आणि मला वाटतं अख्ख्या गिटारमध्ये सगळ्यात जास्त बोलकी जागा हीच. सिलेक्टर स्विच मधेच आवाज खायला लागला आणि व्हॉल्यूम खरखरायला लागला म्हणून उघडलं. आत बोटाच्या नखाएवढे मिनी पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचा भाग), बारीक रंगीत वायरी, सोल्डरचे थेंब इकडेतिकडे. खऱ्या गिब्सनमध्ये मोठ्या आकाराचे पॉट असतात, बऱ्याच काळापासून सीटीएस कंपनीचे, आणि त्यांच्या पाठीवर नंबर छापलेला असतो. १३७ ने सुरू होणारा कोड म्हणजे सीटीएस, पुढे वर्ष आणि आठवडा. १३७७६३३ असेल तर १९७६ सालचा ३३ वा आठवडा. पॉट गिटारच्या थोडा आधी बनलेला असणार, त्यामुळे गिटार १९७० सालची सांगतोय आणि पॉट १९७६ चा निघाला तर एकतर पॉट बदललाय किंवा गोष्ट रचलेली आहे. २००८ च्या आसपासपासून गिब्सनच्या काही मॉडेल्समध्ये सर्किट बोर्ड आला, म्हणून आत हिरवी पाटी दिसली की दचकायचं नाही.

पिकअपच्या (तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाच्या) पाठीवरचा पेटंट नंबर बघून खात्री करणारे पण असतात, त्यांच्यासाठी गंमत. गिब्सनने वर्षानुवर्षे हंबकर पिकअपवर छापलेला २,७३७,८४२ हा नंबर पिकअपच्या पेटंटचा नाहीच, तो लेस पॉलच्या जुन्या टेलपीसचा (तारा अडकवायच्या भागाचा) आहे. नकलीवर पण तोच छापतात. आता यातून काय सिद्ध करणार!

नेक पिकअप काढलंत तर दोन गोष्टी दिसतात. एक, वरचं लाकूड. खऱ्या लेस पॉलवर महोगनीच्या वर मेपलचा जाड थर असतो, खड्ड्याच्या भिंतीवर तो वेगळा दिसतो. माझ्या गिटारची झकास फ्लेम म्हणजे कागदाएवढं व्हेनिअर, खाली भलतंच फिकं लाकूड. खोलायला देत नसेल तर कटअवेमध्ये (नेकशेजारी बॉडी आत कापलेली असते तिथे) बघा, गिब्सनवर बाइंडिंगची जाडी तिथे तेवढीच राहते आणि सनबर्स्ट मॉडेलवर बाइंडिंगखाली मेपलची पट्टी दिसते. माझ्याकडच्यावर बाइंडिंग तिथे फुगलंय, जोड झाकायला. दुसरं, नेकचा जोड आत कसा बसलाय, फट आहे का, गोंद ओतून भरलंय का.

सीरियल नंबरवर फार विसंबू नका. १९७७ ते २००५ दरम्यान गिब्सनचे बहुतेक नंबर आठ आकडी, पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष, मधले तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. ९१२३८५४० असेल तर १९९८ सालचा १२३ वा दिवस, म्हणजे ३ मे. मधले तीन आकडे ३६६ च्या वर गेले की विषय संपला, पण इतके बावळट नकलीवाले आता कमी. ते खरा नंबर उचलतात आणि तोच शेकडो गिटारवर मारतात. माझ्या गिटारचा नंबर वाचायला एकदम बरोबर होता, सर्च केला तर वेगवेगळ्या रंगांच्या गिटारवर तोच.

यूव्ही टॉर्चचा पण मोह होतो लोकांना. जुनं नायट्रोसेल्युलोज फिनिश त्या उजेडात हिरवट-पिवळं चमकतं, आणि टचअप केलेली जागा वेगळी उठून दिसते. साठ-सत्तरच्या दशकातली म्हणून विकत असतील तर टॉर्च कामाची, नव्या गिटारला तिचा काही उपयोग नाही. आणि कोणी अ‍ॅसिटोन लावून बघू म्हणालं तर त्याला तुमच्या गिटारजवळ फिरकू देऊ नका.

फेंडरची भानगड वेगळी. तिथे अख्खी नकली गिटार असतेच, पण जास्त वेळा स्क्वायर या फेंडरच्याच स्वस्त ब्रँडच्या नेकवर फेंडरचा स्टिकर किंवा इकडची नेक तिकडची बॉडी. पार्ट जमवून बनवलेली गिटार पार्ट जमवलेली म्हणूनच विकली तर काही हरकत नाही, अशा कितीतरी मस्त वाजतात. नेक बहुतेक वेळा चार स्क्रूंवर असते, काढून टाच दाखव म्हणा, तिथे तारीख किंवा शिक्का असतो, बॉडीच्या खाचेत पण. बॉडीची जाडी मोजा, फेंडरच्या स्ट्रॅट मॉडेलची साधारण ४५ मिमी, काही स्वस्त मॉडेल्स स्पष्ट पातळ लागतात. स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची तारेची लांबी, पण टेपने मोजून घ्या, फेंडर साडेपंचवीस इंच, गिब्सन पावणेपंचवीस, पीआरएसची बहुतेक मॉडेल्स पंचवीस. आयबनेझ कंपनीच्या महागड्या जेम मॉडेलवर वेलीची जडवलेली नक्षी बघून भुलू नका, ट्रेमोलोवर (सूर हलवायची दांडी असलेल्या ब्रिजवर) एज कुटुंबातलं नाव आहे का ते बघा.

आणि नक्कल वेगळी, नकली वेगळी हे पण डोक्यात ठेवा. ग्रेको, टोकाई या जपानी कंपन्यांनी सत्तरच्या दशकात हुबेहूब गिटार बनवल्या पण स्वतःचं नाव लावून, आणि आज त्यांना मान आहे. १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने आयबनेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर दावा लावला तोसुद्धा हेडस्टॉकच्या आकारावरून होता. दुसऱ्याचं नाव लावून विकणं हा सरळ धंदाच वेगळा.

ट्रेड करताना मी आता ठराविक फोटो मागतो: ट्रस रॉड कव्हर काढून, मागचं झाकण काढून, ब्रिज बाजूने, हेडस्टॉक पाठीमागून, आणि शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद. केस, सर्टिफिकेट, वॉरंटी कार्ड यांचे फोटो लोक आपणहून पाठवतात, ते मी बघतच नाही, छापायला काय लागतं. खऱ्या गिटारचा मालक कुरकुर करतो पण फोटो देतो. 'झाकण उघडलं तर वॉरंटी जाईल' हे वीस वर्षं जुन्या गिटारबद्दल ऐकलंय मी.

राहता राहिला आवाज. खोटं कशाला बोलू, डिस्टॉर्शनवर ब्रिज पिकअप बरं वाजतं, बँडमध्ये कोणाला कळणार नाही. क्लीनवर चिखल, व्हॉल्यूम जरा कमी केला की सगळा ट्रेबल गायब. पॉट बदलल्यावर तेही थोडं सुधारलं. आता फ्रेट्स बदलायला हव्यात, त्यावर खर्च करायची माझी इच्छा नाही. लोगो घासून टाकलाय आणि कंट्रोल कॅव्हिटीत मार्करने मोठ्ठं 'नकली' लिहिलंय, उद्या माझ्याकडून कुठे गेली तर झाकण उघडणाऱ्याला तरी कळावं. सध्या तिच्यावर सोल्डरिंग आणि फ्रेट लेव्हलिंगची प्रॅक्टिस चालू आहे, आणि कोणी खरी लेस पॉल घ्यायला निघालं की आधी हिचं कव्हर काढून अ‍ॅलनचं भोक दाखवतो.