पावसाळ्यात लॉनला खत: पूर्ण बंदी, फक्त स्फुरदबंदी की सेंद्रिय खत?

ठाणे-नवी मुंबईतील सोसायट्यांच्या बागकामाच्या कंत्राटात बहुधा 'दरमहा खत' असे दोनच शब्द असतात आणि त्या दरमहात जुलैही येतो. मागील जुलैत आमच्या नेरूळच्या सोसायटीत माळीदादांनी सकाळी लॉनवर युरिया फेकला, तेव्हा कडेच्या पेव्हर ब्लॉकच्या फटींत पांढरे दाणे स्पष्ट दिसत होते. दुपारच्या सरीनंतर तिथे एकही दाणा उरला नव्हता आणि ते पाणी गटाराच्या जाळीतून निघून गेले होते. कंत्राट कार्यकारिणीनेच मंजूर केलेले असल्याने माळीदादांना दोष देण्यात अर्थ नाही. यंदाचा निर्णय घेणाऱ्यांसाठी तीन पर्याय शेजारी ठेवून पाहतो.

आधी पाण्याची वाट समजून घ्यावी लागते. पावसाळी गटारातील पाणी मलप्रक्रिया केंद्रात जात नाही, ते थेट नाल्यात, तलावात किंवा खाडीत जाते. नवी मुंबईत सिडकोने आखलेल्या धारण तलावांच्या (पावसाचे पाणी साठवणाऱ्या तलावांच्या) झडपा भरतीच्या वेळी बंद होतात आणि ओहोटी लागेपर्यंत नोडमधले, म्हणजे त्या उपनगरातले, पाणी तिथेच थांबते, त्यामुळे वाहून आलेल्या खताला शैवाल वाढवायला उथळ, साचलेले पाणी आयतेच मिळते. गोड्या पाण्यात शैवालाची वाढ बहुधा स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) कमतरतेमुळे अडलेली असते, तर खाडीच्या खाऱ्या पाण्यात ती बहुधा नत्राअभावी (नायट्रोजनअभावी) अडते. म्हणून मासुंदा किंवा उपवन तलावाकडे उतार असलेल्या सोसायटीने स्फुरदाची आणि खाडीकडे उतार असलेल्या सोसायटीने नत्राची अधिक काळजी करावी. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आली. खाडीवरील मोठा भार सांडपाण्याचा आहे हे खरेच, परंतु ते रोखणे आपल्या एकट्याच्या हातात नाही; लॉनचे खत मात्र आहे.

पहिला पर्याय चार महिन्यांच्या पूर्ण बंदीचा. अमेरिकेत फ्लोरिडाच्या पिनेलस काउंटीत १ जून ते ३० सप्टेंबर या काळात लॉनसाठी नत्र आणि स्फुरद असलेले खत वापरण्यास आणि विकण्यासही बंदी आहे. तिथला पावसाळाही याच महिन्यांत येतो, म्हणून हे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. मेरीलँड या अमेरिकी राज्यातील बंदी हिवाळ्याची आहे, कारण तेव्हा तिथले गवत सुप्तावस्थेत असते; त्या तारखा आपल्या कामाच्या नाहीत.

दुसरा पर्याय मिनेसोटा या अमेरिकी राज्यासारखा, म्हणजे माती परीक्षणात कमतरता दिसल्याशिवाय किंवा नवे लॉन लावायचे असल्याशिवाय स्फुरद वर्षभर टाळायचे. पोत्यावरील तीन आकड्यांपैकी (नत्र, स्फुरद, पालाश) मधला शून्य असलेले खत घेणे एवढेच पाहावे लागते. १९:१९:१९ किंवा ४६ टक्के स्फुरद असलेले डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) यात बसत नाही. तलावांसाठी हा पर्याय उत्तम आहे, पण ४६ टक्के नत्राचा युरिया यातून सुटतो आणि खाडीचा प्रश्न तसाच राहतो.

तिसरा पर्याय, गांडूळखत किंवा निंबोळी पेंड, सभेत सर्वांना पटकन आवडतो. मला तो जुलैसाठी पटत नाही. त्यातील नत्र हळूहळू सुटते हे बरोबर, परंतु मोकळे पसरलेले गांडूळखत जोरदार सरीत मातीसकट वाहते आणि त्यात स्फुरदही असते. ऑक्टोबरनंतर मात्र ते अवश्य वापरावे.

माझा कौल पहिल्या पर्यायाला आहे आणि जोडीला दुसरा वर्षभर लागू ठेवावा. सभासदांचा आक्षेप ठरलेला असतो: लॉन पिवळे पडेल. जुलैतील पिवळेपणा बऱ्याचदा उपासमारीचा नसतो. दिवसेंदिवस ढगाळ हवा आणि साचलेले पाणी यांमुळे मुळांना हवा मिळत नाही, आणि अशा वेळी नत्र दिल्यास कोवळ्या पात्यांवर बुरशी सहज येते. त्याऐवजी गार्डन फोर्कने माती टोचून निचरा मोकळा करावा आणि कापलेले निरोगी गवत पातळ थरात लॉनवरच राहू द्यावे, कारण त्यातून गवताच्या वार्षिक नत्राचा लक्षणीय भाग परत मिळतो. रंगच हवा असेल तर फेरस सल्फेटची (लोहयुक्त क्षाराची) सौम्य फवारणी कोरड्या दिवशी करता येते. फरशीवर मात्र ते तांबूस डाग पाडते.

कंत्राटात 'दरमहा' खोडून 'जून ते सप्टेंबर वगळून' असे लिहावे आणि माळीदादांचा पगार त्यामुळे कमी होणार नाही हेही तिथेच नमूद करावे. पुढचा हप्ता ऑक्टोबरमध्ये, परतीचा पाऊस थांबल्यावर, पाऊल टाकल्यास पाणी वर येत नाही इतकी माती सुकली की द्यावा, आणि फरशीवर उडालेले दाणे पाण्याने न धुता झाडून परत लॉनवर टाकावेत.